इंजिन अडखळतंय? आधी चाकं पुसा

मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलर फिरवला, आणि ते वीतभर जाऊन थांबलं. बोटानं हलकेच ढकललं की परत चालू. असं झालं की मोटर गेली असं समजून आपण स्क्रू काढायला बसतो. त्याआधी इंजिन उलटं करून चाकं बघा. रुळावर टेकणारा भाग चकचकीत हवा. तिथे काळा, मेणचट थर दिसला तर बहुतेक दुखणं तेच.

एचओ मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर असतं. वीज एका रुळातून त्या बाजूच्या चाकांत, तिथून मोटरीत आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत रुळात जाते. चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. धूळ, जास्तीचं तेल आणि बारीक ठिणग्यांची काजळी नेमकी तिथेच साचते.

लागेल काय? 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कागदी टिश्यू, इअरबड, चिमटा आणि टूथपिक. हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर मागे ठेवतं. अल्कोहोल पटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडा, जवळ उदबत्ती किंवा निरांजन नको, आणि बाटली बूच लावून दूर ठेवा.

दोन बोग्यांच्या डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिनासाठी सगळ्यात सोपी रीत अशी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच). टिश्यूची पट्टी रुळांवर आडवी अंथरा. अल्कोहोलनं ती ओलसर करा, निथळती नको. एक बोगी टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा. इंजिन हातानं अलगद धरून कंट्रोलर निम्म्यावर आणा. उघड्या रुळावरची बोगी वीज घेईल आणि टिश्यूवरची चाकं जागच्या जागी फिरतील. पाच-सात सेकंदांत कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. कागद सरकवा, पुन्हा करा. रेघा उमटेनाशा झाल्या की इंजिन फिरवून दुसरी बोगी घ्या. सगळी चाकं मोटरीवर फिरणारी आणि वीज घेणारी असतील तरच हे जमतं.

वाफेच्या इंजिनाला मात्र घाई चालत नाही. बाजूचे दांडे नाजूक असतात. टॉवेलच्या घडीवर ते उलटं ठेवा, ओलसर इअरबडनं एकेक चाक पुसा आणि चाकांचा न पुसलेला भाग वर येण्यापुरती वीज द्या. चाक बोटानं जबरदस्तीनं फिरवू नका, गिअर तुटतो.

काही चाकांवर पकड येण्यासाठी रबरी कडं असतं. त्यावर अल्कोहोल भिजेपर्यंत लावलं तर रबर कडक होतं किंवा सैल पडतं. ते फक्त कोरड्या कापडानं पुसा, तडे गेले असतील तर बदला.

सॅंडपेपर आणि तारेचा ब्रश कटाक्षानं टाळा. मी पूर्वी एका लाडक्या इंजिनाची चाकं घासून चमकवली होती. वरचा मुलामा निघाला, बारीक ओरखडे राहिले, आणि दोन आठवड्यांत त्या ओरखड्यांत आधीपेक्षा जास्त काळं भरलं. ती चाकं शेवटी बदलावी लागली.

आता चाकाची मागची बाजू. तिथे वीज घेणारी तांबूस धातूची पातळ पट्टी टेकलेली असते. तीही पुसा. चाकाला टेकत नसेल तर टूथपिकनं केसभर चाकाकडे वाकवा. आसाला गुंडाळलेले केस आणि गालिचाचे धागे चिमट्यानं ओढून काढा.

तेल प्लॅस्टिकला चालणारं घ्या आणि सुईच्या टोकानं, टिपूसभरच, आसाच्या टोकांना द्या. जास्त झालं की ते चाकावर उतरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

रूळ पुसायला विसरू नका, डब्यांची चाकंही. विशेषतः प्लॅस्टिकची चाकं काळं भराभर गोळा करतात आणि रुळावर परत पसरवतात.

मग इंजिन अगदी मंद वेगानं सांध्यांवरून सोडा. खोलीतला दिवा मालवलात तर हेडलाइट लुकलुकतो का तेही कळेल. लुकलुकला, तर ज्या जागी लुकलुकला तिथला रूळ पुन्हा पुसा.