रात्रीची ढेकर बाबांकडे

तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाजायचं काम आईचंच, पण पिऊन झालं की बाळ बाबांनी घ्यावं. मानेला हाताचा आधार देऊन खांद्यावर टाकायचं, पाठ हलकेच थोपटायची, लंगोट बदलायचा. तेवढ्यात बाळंतिणीचा डोळा लागतो. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा, पाजताना घशाला कोरड पडते.

ओले लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ हवेत.

आणि बाळंतिणीचा पॅड तासाभरात पूर्ण भिजला, ताप चढला किंवा डोकं असह्य दुखलं, तर ‘बाळंतपणात चालायचंच’ म्हणणाऱ्या आत्याबाईंचं ऐकू नका. रात्री दोन वाजले असले तरी १०८ लावा.