खाडीकाठी घर बांधताय? जोत्याची उंची रस्त्यावरून ठरवू नका

जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट वर घ्यायचं, हा आपल्याकडचा सरधोपट हिशेब. पण दर डांबरीकरणात रस्ता थोडा वर येतो आणि काही वर्षांत घर खड्ड्यात गेल्यासारखं होतं. त्याऐवजी पुराची खूण धरा.

चिपळूणकरांना २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन्ही पूर आठवतात. तुमच्या गावातही जुन्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर अशी खूण असेलच. वयस्कर शेजाऱ्यांना विचारून खात्री करा. मग गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि ती पातळी टप्प्याटप्प्याने आपल्या जागेवर आणा. जोतं त्या खुणेच्याही किमान दोन फूट वर हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस झाला की नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, तुंबतं. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे.

खूण डोक्याच्याही वर असेल तर मातीचा भराव टाकू नका, पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल. खांबांवर घर उचला, खालचा भाग मोकळा ठेवा. विजेचा मीटर, स्विचबोर्ड खुणेच्या वर.

प्लॉट घेण्याआधी जलसंपदा विभागाच्या पूररेषाही बघा. निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आतली जागा स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.