नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही: व्यावसायिक नोंदणी तपासताना या चुका टाळा

महाराष्ट्रात पाटील, जाधव, शिंदे, देशमुख किती आहेत हे कुणाला सांगायला नको. त्यात एका पिढीची नावंही ठरलेली. मुलगे संजय, सुनील, राजेंद्र. मुली सुनीता, सुरेखा, वैशाली. अशी एखादी सुनीता पाटील किंवा राजेंद्र जाधव डॉक्टरांच्या, वकिलांच्या नाहीतर सीएंच्या रजिस्टरमध्ये शोधायचा, समोर आलेल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि ‘सापडलं’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची पडताळणी. कागदपत्रं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय.

नंबर समोर असताना नावाने शोधणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि निव्वळ आळसातून होणारी. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पावतीवर छापायचा, असं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच म्हटलंय. वकिलाच्या सनदेवर क्रमांक असतो. सीएच्या सहीखाली सभासद क्रमांक असतो. तरी लोक शोधायच्या चौकटीत नाव टाकतात, कारण नाव टाइप करायला सोपं.

एका रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची भरती चालू होती. एका बाईंचा अर्ज आला, कागद चोख. पडताळणीला बसलेल्या नव्या मुलाने अर्जावरचं नाव आणि आडनाव टाकलं. एक नोंद आली. मधलं अक्षर ‘व्ही’, तेही जुळलं. पण त्या नोंदणीचं नूतनीकरण कित्येक वर्षं झालेलं नव्हतं. पठ्ठ्याने शेरा मारला, ‘नोंदणी चालू नाही’, आणि संध्याकाळच्या आत बाईंना नकाराचा ईमेल गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हे विशेष. त्यांनी एवढंच विचारलं, “अर्जात नंबर लिहायला जागा होती. मी लिहिलाही होता. तो कुणी बघितला का?”

नंबर टाकल्यावर वेगळीच नोंद उघडली. एमबीबीएस लग्नाआधीचं, त्यामुळे रजिस्टरला माहेरचं नाव. पदवी, वर्ष, विद्यापीठ सगळं अर्जाशी जुळणारं. नाव बदलल्याचं राजपत्र अर्जाच्या शेवटच्या पानाला जोडलेलं, पण शेवटच्या पानापर्यंत जातो कोण? पहिल्या नोंदीतल्या बाई कुणी वेगळ्याच. त्यांचा ‘व्ही’ म्हणजे विलास, आपल्या बाईंचा विजय. त्या मुलाचं म्हणणं, “पण सर, इनिशियलसुद्धा जुळत होतं ना!” रुग्णालयाने माफी मागून परत बोलावलं तोवर बाई दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. उत्तम केलं त्यांनी.

तेव्हा माझा नियम असा, की आधी नंबर, मग नाव. आणि नंबर अख्खा लिहून घ्यायचा, तिरक्या रेघांसकट. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेचा क्रमांक ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो. वर्ष गाळलंत, तर तोच आकडा दुसऱ्या वर्षीच्या कुणा भलत्याच वकिलाचा निघू शकतो. सीएंच्या बाबतीत सभासद क्रमांक वेगळा आणि फर्मचा क्रमांक वेगळा. फर्मचा आकडा सभासदाच्या रकान्यात घालून ‘हा सीए नाहीच’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग मी पाहिलेत. सीएने सही करून दिलेल्या प्रमाणपत्रावर अठरा अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर काम आणखी सोपं. त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सभासद क्रमांकाचे. सहीखालच्या क्रमांकाशी ते जुळतात का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. यूडीआयएन खरा आहे का, हे मात्र आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, पोर्टलवरच बघायचं.

नंबर जुळला म्हणून निर्धास्त होणं

नंबरवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. बोगस माणूस नंबर मनाने रचत बसत नाही. तो आपल्याच नावाचा खरा डॉक्टर रजिस्टरमध्ये शोधतो आणि त्याचा क्रमांक पाटीवर रंगवतो. रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे, त्यालाही. मग तुम्ही नंबर टाकता, नाव येतं, नाव जुळतं, आणि तुम्ही निवांत घरी जाता.

म्हणून मी कोऱ्या कागदावर रेघ ओढतो. डावीकडे समोरच्या माणसाने सांगितलेलं, उजवीकडे रजिस्टरमधलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पदवी, पदवीचं वर्ष, विद्यापीठ, कुठल्या परिषदेत नोंद. माझ्यासोबत काम करणारी तरुण मंडळी या कागदाला हसतात, त्यांना एक्सेल हवं असतं. हसू देत. लिहिताना हात थांबतो, तिथेच गडबड सापडते.

जुळणाऱ्या गोष्टी मोजण्यापेक्षा न जुळणारी एक शोधा. समोरचा माणूस चाळिशीचाही दिसत नाही आणि नोंदीत एमबीबीएस 1989 चं, तर पुढे जाऊ नका. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं; त्या विद्यापीठाची 1992 ची पदवी कुणी दाखवत असेल तर त्याला आदराने चहा पाजा आणि मूळ प्रमाणपत्र मागा.

‘नाव नाही, म्हणजे बोगस’

हा उतावळ्यांचा आवडता निकाल. तुम्ही चुकीच्या दारात उभे असू शकता. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये ॲलोपॅथीचे डॉक्टर असतात. आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीची परिषद वेगळी, दातांची वेगळी, फिजिओथेरपीची आणखी वेगळी. बीएएमएस वैद्यबुवांना मेडिकल कौन्सिलमध्ये शोधलंत तर ते सापडणार नाहीतच. आणि तिथे त्यांच्याच नावाचे एमबीबीएस सापडले, तर गोंधळ दुप्पट. गडहिंग्लज-चंदगडकडे बसणाऱ्या डॉक्टरची मूळ नोंदणी कर्नाटकात असू शकते, तीही बघा.

स्पेलिंग. रोमन अक्षरांत वानखेडे, गावंडे, जाधव ही आडनावं किती तऱ्हांनी लिहितात ते विदर्भातल्या कुणालाही विचारा. जाधवच्या शेवटी कुणी ‘व्ही’ लावतं, कुणी ‘ओ’. मी आडनावाची पहिली चार अक्षरंच टाकतो आणि यादी लांब आली तरी वाचतो.

नाव-आडनावाची उलटापालट. जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, तोच क्रम रजिस्टरमध्ये उतरलेला असतो. दोन्ही क्रमांनी शोधा.

नूतनीकरण राहिलं म्हणजे पदवी खोटी, असंही नाही. मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. ते चुकलं तर जरूर विचारा, पण त्याला ‘बोगस’ म्हणू नका.

स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं

यावर मला राग येतो, तो लपवत नाही. कुणीतरी रजिस्टरमधून नाव काढून टाकलेल्या डॉक्टरची बातमी वाचतं, आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव तेच आहे हे बघतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, ‘सावधान!’ खाली नमस्काराचे दहा हात. वडिलांचं नाव बघितलेलं नाही, जिल्हा बघितलेला नाही, पदवीही बघितलेली नाही. ज्यांचं नाव टाकलं त्या डॉक्टरांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली, तर ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नका. शंका असेल तर डॉक्टरांनाच नंबर विचारा. खरा डॉक्टर त्यावर चिडत नाही. चिडला तरी नंबर सांगतो.

एवढं करूनही कधी कधी दोन माणसं वेगळी काढता येत नाहीत. वडिलांचं नाव एकच, पदवीची वर्षं मागेपुढे, पत्ता जुना. अशा वेळी परिषदेला लेखी विचारायचं, अर्जावर नोंदणी क्रमांक लिहून आणि पदवीची प्रत जोडून. उत्तराला वेळ लागतो, आणि ‘आज संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्या एचआरवाल्यांना ते खपत नाही. माझ्या तपासणीच्या फॉर्मवर ‘जुळलं’ आणि ‘जुळलं नाही’ यांच्या शेजारी ‘ठरवता आलं नाही’ असा तिसरा रकाना आहे. तो काढून टाका, असं मला दर वर्षी कुणी ना कुणी सुचवतं. त्यांनाही मी हा फॉर्म दाखवतो, आणि त्याच रकान्यात टिक करून, खाली तारीख घालून सही करतो.