ब्रिटनमध्ये मुलांसाठी जुनं फर्निचर घेताना

ब्रिटनमध्ये राहायला गेलेली मराठी कुटुंबं मुलांचा छोटा सोफा, खुर्ची, गादी बरेचदा सेकंडहँड घेतात. तेव्हा रंग-डिझाइनच्या आधी वस्तू उलटी करून खाली शिवलेलं लेबल शोधा. तिथल्या 1988 च्या अग्निसुरक्षा नियमांनुसार गादीदार फर्निचरचं कापड आणि आतला फोम ठरावीक चाचण्यांत उतरावा लागतो. सोफा-खुर्चीवर ‘केअरलेसनेस कॉजेस फायर’ अशी ओळ असलेलं कायमचं लेबल असतं. गादीवर मात्र बीएस 7177 हा ब्रिटिश मानकाचा (ब्रिटिश स्टँडर्ड) क्रमांक बघायचा. लेबल कापलेलं असेल तर चॅरिटी दुकानं (दान आलेल्या वस्तू विकणारी) सहसा ती वस्तू फुकटसुद्धा घेत नाहीत. दुकानदाराला हा कायदा लागू आहे, घरातली वस्तू विकणाऱ्या शेजाऱ्याला नाही. म्हणून ऑनलाइन व्यवहारात लेबलचा फोटो आधीच मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर मी तरी ती वस्तू घेणार नाही.

तान्ह्या बाळांच्या काही वस्तू 2025 च्या दुरुस्तीने या नियमांतून वगळल्या आहेत. आगरोधक रसायनांशी बाळांचा संपर्क कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे अशा नव्या वस्तूवर लेबल दिसलं नाही तरी लगेच शंका नको.

पांघरुणं, चादरी आणि अभ्रे या नियमांत येतच नाहीत. आजीने पाठवलेली सुती गोधडीही चटकन पेट घेते. खोलीतला हीटर पलंगापासून किमान एक मीटर लांब ठेवा आणि त्यावर कपडे वाळत घालू नका.