नायट्रस उघडण्याआधी

नायट्रस म्हणजे इंजिनला जादा ऑक्सिजन देऊन पॉवर वाढवणारा नायट्रस ऑक्साइड वायू. ऑइल, कूलंट, ब्रेक, टायर तपासा हे सांगायला नको. नायट्रसशिवाय पूर्ण थ्रॉटलला इंजिन स्वच्छ ओढतंय ना, एवढं मात्र आधी बघा. तिथेच ते अडखळत असेल तर पुढचं वाचूही नका.

आता फ्युएल प्रेशर. मागच्या वेळी मी ते आयडलला बघितलं. काटा 3 बारवर हलत नव्हता, म्हणून बॉनेट लावून मोकळा झालो. तिसऱ्या गिअरमध्ये बटण दाबलं आणि काही क्षणांत एक पिस्टन गेला. फिल्टर अर्धा तुंबलेला निघाला. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? वेट किटमध्ये (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडणारं किट) पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टर आणि नायट्रसचा फ्युएल सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) दोघंही एकाच रेलमधून, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतून, ओढतात, प्रेशर पडतं ते तेव्हा. म्हणून फिल्टर बदला, पंपाला लोडवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा, रेलवर सेन्सर बसवून लॉग घ्या. प्रेशर पडताच नायट्रस तोडणारा स्विचही लावा. आयडलचा आकडा धरू नका. खरंच धरू नका.

बाटलीचं प्रेशर 900 ते 1000 पीएसआय. थंड बाटलीवर, समजा 700 ला, ट्यून केलंत आणि नंतर ती तापली, तर नायट्रस जास्त जाईल, पेट्रोल तेवढंच राहील, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी पडणारं. हीटर ब्लँकेट वापरा, ज्योत कधीही नाही.

टायमिंग मागे घ्यायचंच, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा पाडायचा. ऑक्सिजन वाढला की मिश्रण झपाट्याने जळतं आणि दाबाचा कळस लवकर येतो. नायट्रसने वाढलेल्या दर 50 हॉर्सपॉवरला साधारण 2 अंश ही फक्त सुरुवात. मी त्याहूनही थोडं मागे ठेवून सुरू करतो. पॉवर कमी मिळाली तर मिळू दे, नंतर एकेक अंश पुढे आणता येतं. स्पार्क प्लग एक हीट रेंज थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप कमी.

वाइडबँडवर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर) 11.5 च्या आसपास सुरू करा. मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि मीटर लीन दाखवतो. अशा वेळी पेट्रोल ओतत बसू नका, आधी स्पार्क बघा.

विंडो स्विच: 3000 आरपीएमच्या खाली नायट्रस नाही, आरपीएम लिमिटरच्या आधी बंद.

पहिला रन सगळ्यात लहान जेटवर (किती नायट्रस आणि पेट्रोल जाईल ते ठरवणारं छिद्र). थ्रॉटल सोडताच इंजिन बंद, प्लग काढून भिंगाखाली बघा. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर तिथेच थांबा. जेट वाढवला की टायमिंग, प्लग, सगळं पुन्हा. बाटली बंद, लाइन रिकामी.

आणि प्रत्येक जेटनंतर रेल प्रेशरचा लॉग उघडा. पूर्ण थ्रॉटलचा, नायट्रस चालू असतानाचा.