ब्रोमेलिअडला कीड लागली? औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी या चुका टाळा

नाशकात कीडनाशकाची टंचाई कधीच नसते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, जिकडे बघाल तिकडे द्राक्षबागा. प्रत्येकाचा कुणी ना कुणी मामा, मेव्हणा, मित्र बागायतदार असतोच. त्यामुळे शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीतही उरलेल्या औषधाची एखादी बाटली सापडते आणि गुझमानियासारख्या ब्रोमेलिअडच्या, म्हणजे अननसाच्या कुळातल्या शोभेच्या झाडाच्या पानावर पांढरा ठिपका दिसला की संध्याकाळपर्यंत फवारणी उरकलेली असते. लोक माझ्याकडे मरायला टेकलेली ब्रोमेलिअड घेऊन येतात, त्यांतली बरीचशी कीड लागून नाही, उपचारांनी गेलेली असतात. पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी पांढरी कीड) झाडाला संपवायला कित्येक महिने घेतो. चुकीचं औषध आठवड्यात संपवतं.

बोर्डो मारणं

बोर्डो, म्हणजे द्राक्षबागेतलं बुरशीनाशक मिश्रण, मारायची ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिच्यातून झाड क्वचितच परत येतं.

इंदिरानगरमधल्या एका ताईंकडे एक्मिया फॅसिएटा होतं, रुपेरी पट्ट्यांच्या पानांचं, गुलाबी फुलोरा येणारं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले. पिठ्या ढेकूणच होता, ओळखायला त्या चुकल्या नव्हत्या. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. भाऊ गावाहून येताना बागेसाठी कालवलेल्या बोर्डोतलं बाटलीभर घेऊन आला. "द्राक्षाला चालतं, तर कुंडीतल्या झाडाला काय होतंय?" म्हणून त्याने पानं भिजवली आणि उरलेलं मधल्या पेल्यात, म्हणजे पानांच्या मधोमध पाणी साठतं त्या खोलगट जागेत, ओतलं. आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. ताई झाड घेऊन आल्या तेव्हा मधला कोंब नुसता धरला तर हातात आला, बुडाशी पूर्ण कुजलेला. बाहेरच्या पानांच्या बेचक्यात ढेकूण मात्र जिवंत होते.

यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत. पहिली म्हणजे बोर्डो मिश्रण हे मोरचूद आणि चुन्याचं. ते बुरशीसाठी असतं, डाऊनी म्हणजे केवडा रोगासाठी असतं, त्याने ढेकूण मरत नाही. दुसरी चूक जीवघेणी. मोरचूद म्हणजे तांबं, आणि ब्रोमेलिअडला तांबं सोसत नाही. द्राक्षवेल मुळांनी पितो. पेल्याची ब्रोमेलिअड मात्र पाणी आणि अन्न मुख्यतः पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांमधून शोषतात, मुळं बऱ्याच जातींत फक्त धरून ठेवण्यापुरती असतात. म्हणजे बाकीच्या झाडांच्या पानावरून जे ओघळून जातं, ते इथे थेट आत जातं. त्यात पेल्यातलं पाणी उडत जातं, तांबं मागे उरतं आणि कोवळ्या कोंबाला वेढून बसतं.

त्या एक्मियाच्या बुडाशी एक पिल्लू, म्हणजे बुडातून फुटलेलं नवं रोप, बऱ्या स्थितीत होतं. ते कापून, धुऊन वेगळं लावलं, म्हणून झाडाचा वंश राहिला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराईड, लेबलवर कॉपर लिहिलेलं काहीही या झाडाजवळ नेऊ नका. टिलँडसिया (मातीशिवाय वाढणारं ब्रोमेलिअड) लाकडाला बांधायलाही तांब्याची तार वापरू नका. चुकून फवारलंच असेल तर त्याच क्षणी झाड उलटं करून पेला रिकामा करा आणि साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. उद्यावर टाकू नका.

झाडाची पावडर कीड समजून पुसणं

एक्मियाच्या पानावरचे रुपेरी पट्टे म्हणजे वर सांगितलेले खवलेच. टिलँडसियाचा राखाडी रंगही त्यांचाच. लोक ओलं फडकं घेऊन ते घासून काढतात आणि झाड "स्वच्छ" झाल्याचा फोटो पाठवतात. मला फार वाईट वाटतं. जुन्या पानावर तो थर पुन्हा येत नाही.

फरक ओळखणं अवघड नाही, फक्त दोन मिनिटं थांबावं लागतं. झाडाची पावडर कोरडी, सपाट, पानभर सारखी पसरलेली असते. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात, बुडाशी पुंजक्याने असतो, चिरडला तर ओलसर लागतो. खवले कीड म्हणजे तपकिरी किंवा काळसर ठिपके. नखाने खरवडलं की टवका निघतो; निघाला नाही तर बहुतेक तो पानाचाच डाग. आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हे क्षार आहेत, त्यांना कुठलंच औषध नको, पावसाचं पाणी द्या.

मुंग्यांकडे दुर्लक्ष

कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर कीड आहे असंच धरून चाला. पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि मोबदल्यात किडीची राखण करतात. अननस याच कुळातला, आणि त्याच्या शेतातही ढेकूण आवरायचा तर आधी मुंग्या आवराव्या लागतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

एकदाच उपचार करून विसरणं

माझी रीत साधी आहे. झाड बाकीच्यांपासून वेगळं ठेवते, पेला रिकामा करते, मोरीत आडवं धरून बेचक्यांत पाण्याची धार सोडते. मग मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला लावून एकेक कीड टिपते. आधी एका पानावर लावून दिवसभर वाट बघते. टिलँडसियावर अल्कोहोल वापरत नाही, तिथे चिमटा आणि पाणी. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला जवळचा रस्ता नाही. अंडी आणि बारीक पिल्लं निसटतात, म्हणून आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा, आणि नंतरही पुन्हा. पहिल्या दिवशी कीड दिसेनाशी झाली की नवशिके थांबतात आणि महिन्याभराने "औषध लागू पडलं नाही" म्हणतात. मेलेली खवले कीड पानालाच चिकटून राहते, तेवढ्यावरून डोस वाढवू नका. खरवडून बघा, कोरडी भुकटी निघाली तर ती मेलेली आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. निमतेल किंवा कुठलंही तेल पानांवरचे खवले बुजवतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पान भाजतं. मी वापरत नाही. भांडी घासायचा साबण नकोच. पानं चमकवणारे स्प्रेही नकोत. उन्हाळ्यात कोरड्या हवेत पान फिकट, ठिपकेदार झालं आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पाण्याच्या धारेने पानांची खालची बाजू धुवा. नर्सरीतून आणलेलं झाड तीन-चार आठवडे वेगळं ठेवा, गंगापूर रोडवरून आणा नाहीतर थेट पुण्याहून मागवा.

पेल्यात डासांच्या अळ्या दिसल्या म्हणून रॉकेल ओतणारेही भेटतात. डेंग्यूची भीती खरी आहे, पण उपाय फुकट आहे: दर आठवड्याला पेल्यातलं पाणी ओतून ताजं भरायचं. अळीचा डास होण्याआधीच ती वाहून जाते.

फुलोरा येऊन गेल्यावर मूळ झाड हळूहळू सुकतं, ती कीड नव्हे. एका झाडाला फुलोरा एकदाच येतो, मग ते पिल्लं देऊन संपतं. त्यावर फवारे मारत बसू नका. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की वेगळं करा, आणि लावण्याआधी बुडाची सुकी पानं सोलून आत बघा, कारण ढेकूण तिथूनच नव्या कुंडीत जातो.