तिकीट काढण्याआधी पोरांची उंची मोजा

बेळगावहून बंगळूरजवळच्या बिडदीचं वंडरला मनोरंजन पार्क असो की खोपोलीचं इमॅजिका, तिकिटाआधी प्रवासच खिसा हलका करतो. म्हणून बुकिंगच्या आधी पोरांना चप्पल काढून दाराच्या चौकटीला उभं करा आणि टेपनं उंची मोजा. अशा पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या राइडलाही उंचीचीच अट असते. पोरगं त्यात बसत नसेल तर दोन वर्षं थांबा. एवढ्या लांब जाऊन निम्म्या राइड कठड्याबाहेरून बघण्यात काय मजा? आजी-आजोबांना नुसतं बाकावर बसायलाही तिकीट लागतं, तेही धरा.

शनिवार-रविवार टाळा. इतर दिवशी दर कमी असतोच, पण खरा फायदा रांगेचा. बिडदीला जायचं तर संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा, सकाळी बंगळूर. परतीलाही रात्रीचीच गाडी, लॉजचे पैसे वाचतात.

पाण्यातल्या राइडसाठी नायलॉनचे कपडे घरूनच न्या. आम्ही सुती टी-शर्ट नेले, दारातच अडवलं, आणि चौघांच्या भाड्याच्या कपड्यांत दुपारच्या जेवणाचे पैसे गेले. बाहेरचं खाणंही आत चालत नाही. दशम्या गाडीतच संपवा.